केंद्रीय अनुदानाचा शोध आणि ग्रामीण महाविद्यालय : असोद्याच्या निमित्ताने एक चिकित्सा

प्रस्तावना

जळगाव शहराला लागून असलेले असोदा हे गाव मराठी वाचकास एका नावामुळे परिचित आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचा जन्म २४ ऑगस्ट १८८० रोजी या गावी झाला. शाळेची पायरी न चढलेल्या या स्त्रीने शेतीची व घरातील कामे करता करता ज्या रचना केल्या, त्यांपैकी जवळच्या माणसांनी वेळीच टिपून घेतल्या तेवढ्याच आज आपल्या हाती आहेत. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांच्या गाण्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास २०१८ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

हा गौरव यथोचितच आहे. परंतु त्यातून एक व्यावहारिक प्रश्न उद्भवतो. असोदा, भादली, नशिराबाद या परिसरातील वृद्ध स्त्रियांच्या मुखी आजही जे शब्द, म्हणी व ओव्या असतील, त्यांचे ध्वनिमुद्रण करून एक छोटा कोश सिद्ध करावा, असे एखाद्या ग्रामीण महाविद्यालयातील मराठीच्या प्राध्यापकाने मनावर घेतले, तर त्यासाठी केंद्र शासनाचा पैसा त्याला कोठे व कसा मिळेल? एक ध्वनिमुद्रक, गावोगावच्या फेऱ्यांचा खर्च, लिप्यंतर करणाऱ्या एक-दोन विद्यार्थ्यांचे मानधन आणि शेवटी मुद्रण, एवढाच या कामाचा पसारा आहे. प्रस्तुत लेखात या एका प्रश्नाच्या आधारे केंद्रीय शैक्षणिक अनुदानाच्या सध्याच्या रचनेची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. अनुदान शोधणे ही केवळ माहितीची बाब आहे, असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः अडचण माहितीची नसून पायरीची आहे. वरच्या पायऱ्या भक्कम होत गेल्या आणि सर्वांत खालची पायरी काढून घेतली गेली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. अनुदानाची दोन तत्त्वे

आपल्याकडे शैक्षणिक अनुदानाची पद्धत १८५४ च्या वुडच्या खलित्यापासून रूढ झाली. खाजगी प्रयत्नाने उभ्या राहिलेल्या शाळांना सरकारने तपासणीच्या अटीवर साहाय्य द्यावे, हे त्यातील सूत्र होते. मुंबई इलाख्यात या सूत्राला 'निकालानुसार अनुदान' असे रूप मिळाले. परीक्षेत जितके विद्यार्थी उत्तीर्ण, त्या मानाने रक्कम, असा तो हिशेब होता. अशा हिशेबात दुर्बल विद्यार्थी हा शाळेला भार वाटू लागतो आणि आधीच सुस्थितीत असलेल्या शाळेची स्थिती अधिक चांगली होते. १८८२ च्या हंटर आयोगाने ही पद्धत महाविद्यालयांना लागू करू नये, अशी शिफारस केली होती, ही बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

याच आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी सादर केलेले निवेदन अनुदानविषयक मराठी चिंतनाचा प्रारंभ मानावयास हरकत नाही. शेतकऱ्याच्या श्रमातून जमा होणारा सारा उच्च वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि ज्यांच्या घामातून तो येतो त्यांची मुले प्राथमिक शिक्षणालाही वंचित राहतात, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. अनुदान किती, यापेक्षा ते कोणाकडून येते आणि कोणाकडे जाते, हा प्रश्न त्यांनी अग्रभागी आणला. सव्वाशेहून अधिक वर्षे लोटल्यानंतरही त्याची धार बोथट झालेली नाही.

या दोन संदर्भांतून अनुदानाची दोन तत्त्वे स्पष्ट होतात. एक तत्त्व गरजेचे, दुसरे सिद्ध क्षमतेचे. पहिल्यात संस्था अस्तित्वात आहे आणि तिच्यात विद्यार्थी शिकतात, एवढ्यावर तिचा वाटा ठरतो. दुसऱ्यात संस्थेने आधी काही करून दाखवावे लागते. कोणत्याही व्यवस्थेत दोन्ही तत्त्वांना जागा असावी, याबद्दल दुमत नाही. प्रश्न त्यांच्या प्रमाणाचा आहे.

शालेय शिक्षणात पहिले तत्त्व अद्याप बरेचसे टिकून आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेतील संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येवर ठरते. या योजनेच्या निकषांत शंभरपर्यंत पट असलेल्या सर्वसाधारण शाळेस २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार, हजारपर्यंत ७५ हजार आणि त्यापुढे १ लाख रुपये असे टप्पे ठरविण्यात आले. मुख्याध्यापकास येथे प्रस्ताव लिहावा लागत नाही. पटाची माहिती अचूक भरावी लागते. रक्कम अपुरी आहे अशी टीका करता येईल, पण ती शोधावी लागत नाही. मात्र २०२२ मध्ये मंजूर झालेल्या पीएम श्री योजनेने शाळांतही स्पर्धेचे तत्त्व आणले. पाच वर्षांसाठी २७,३६० कोटी रुपये खर्चाच्या या योजनेत देशभरातील सुमारे साडेचौदा हजार शाळा निवडावयाच्या होत्या आणि एका तालुक्यातून अधिकाधिक दोन शाळांची निवड व्हावयाची होती. किमान निकष पूर्ण करणाऱ्या शाळेनेच अर्ज करावा, अशी तिची रीत आहे. म्हणजे ज्या शाळेला आधीच बरी इमारत व सोयी आहेत, ती आदर्श होण्यास पात्र. ज्या शाळेला त्या नाहीत, ती स्पर्धेतच नाही. महाविद्यालयीन क्षेत्रात हेच तत्त्व फार पूर्वी प्रधान झाले आहे.

२. पात्रतेची शिडी

विद्यापीठ अनुदान आयोगाचे उद्घाटन डिसेंबर १९५३ मध्ये झाले आणि १९५६ च्या अधिनियमाने त्याला वैधानिक दर्जा मिळाला. उच्च शिक्षणातील दर्जाचा समन्वय व निश्चिती हा विषय राज्यघटनेनुसार केंद्राकडे आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा विषयच समवर्ती सूचीत आला. तेव्हापासून केंद्राच्या पैशाचा ओघ आणि केंद्राच्या अटी या दोन्ही गोष्टी एकत्रच राज्यांतील महाविद्यालयांपर्यंत पोहोचू लागल्या.

या ओघापर्यंत जाण्याची पहिली पायरी म्हणजे आयोगाच्या अधिनियमातील कलम २(एफ) खालील मान्यता. दुसरी पायरी कलम १२(बी). १९७२ च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमानुसार, आयोगाने पात्र ठरविल्याशिवाय संस्थेला केंद्रीय अनुदान मिळू शकत नाही. तिसरी पायरी १९९४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या, म्हणजे नॅकच्या, श्रेणीची. चौथी पायरी राज्याची: २०१३ च्या राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियानापासून महाविद्यालयाचा प्रस्ताव राज्याच्या योजनेचा भाग म्हणून जातो आणि राज्याने आपला हिस्सा, सर्वसाधारणपणे चाळीस टक्के, द्यावा लागतो.

या प्रत्येक पायरीला स्वतंत्रपणे पाहिले तर तिचे समर्थन करता येते. सार्वजनिक पैसा खोट्या संस्थांच्या हाती जाऊ नये, हिशेब राहावा, दर्जाचे काही प्रमाण असावे, हे कोण नाकारील? परंतु चारही पायऱ्या एकत्र पाहिल्या म्हणजे त्यांचा परिणाम निराळा दिसतो. ज्या महाविद्यालयात मान्य पदांपैकी अनेक रिक्त आहेत, तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर वर्ग चालतात, कार्यालयात दोन-तीन लिपिक आहेत, तेथे नॅकचा अहवाल तयार करणे हेच दोन वर्षांचे काम होऊन बसते. कायम विनाअनुदान तत्त्वावर परवानगी मिळालेल्या संस्थांची स्थिती तर आणखी बिकट. मूल्यांकनात कमी गुण मिळण्याचे कारण साधनांचा अभाव आणि साधने न मिळण्याचे कारण कमी गुण, असे हे चक्र आहे. निकालानुसार अनुदानाची एकोणिसाव्या शतकातील पद्धत नव्या वेशात परत आली, असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

शिडीच्या वरच्या टोकाला रकमा मोठ्या आहेत, हेही नमूद केले पाहिजे. २०२३-२४ ते २०२५-२६ या कालावधीसाठी प्रधानमंत्री उच्चतर शिक्षा अभियानाची तरतूद १२,९२६.१० कोटी रुपये होती. त्यात निवडक विद्यापीठांना प्रत्येकी १०० कोटी, इतर काही विद्यापीठांना २० कोटी आणि निवडलेल्या महाविद्यालयांना ५ कोटींपर्यंत, अशी रचना होती. मागास व कमी नोंदणीच्या जिल्ह्यांना प्राधान्य देण्याचे धोरणही त्यात होते आणि ते स्वागतार्ह आहे. २०२३ च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानसाठी पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचे उद्दिष्ट जाहीर झाले. त्यातील मोठा भाग शासनाबाहेरून यावयाचा होता. या प्रतिष्ठानच्या एका योजनेत नामांकित संस्था केंद्रस्थानी आणि त्यांच्याभोवती कमी साधनांच्या संस्था, अशी चाकाच्या आऱ्यांसारखी मांडणी आहे. पण हे आरे प्रामुख्याने विद्यापीठांपर्यंत व काही राष्ट्रीय संस्थांपर्यंतच पोहोचतात. विद्यापीठाशी संलग्न असलेले तालुक्याचे महाविद्यालय त्यात स्वतंत्रपणे बसत नाही.

अटींचा दुसरा पैलू राजकीय आहे. उच्चतर शिक्षा अभियानाच्या नव्या टप्प्यासाठी राज्याने केंद्राशी सामंजस्य करार करणे आवश्यक ठरविण्यात आले. पीएम श्री योजनेच्या करारावरून तमिळनाडूचा समग्र शिक्षेचा निधी अडकला आणि २०२५ मध्ये ते राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले. महाराष्ट्राचे तसे झाले नाही. तथापि दोन सरकारांतील मतभेदाचा भार शेवटी वर्गातील मुलावर पडतो, हा त्यातील धडा सर्वांसाठीच आहे.

३. सर्वांत खालची पायरी

या शिडीत एकेकाळी एक लहान, पण मोलाची पायरी होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लघुसंशोधन प्रकल्प योजनेत महाविद्यालयीन अध्यापकास काही लाखांच्या मर्यादेत साहाय्य मिळत असे. महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे प्रस्ताव आयोगाच्या पुणे येथील पश्चिम विभागीय कार्यालयाकडे जात. पहिला हप्ता, मग हिशेब व उपयोगिता प्रमाणपत्र, मग उर्वरित रक्कम आणि शेवटी अहवाल, असा त्याचा क्रम असे. हप्ते विलंबाने येत, लेखापरीक्षणाच्या शंका येत, हे खरे. पण एका अध्यापकाने एक प्रश्न घेऊन दोन वर्षे काम करावे, यासाठी ती पुरेशी होती. मोठ्या प्रकल्पाचा प्रस्ताव लिहिण्याचे शिक्षणही त्यातूनच होत असे.

बारावी पंचवार्षिक योजना ३१ मार्च २०१७ रोजी संपली. तत्पूर्वीच १ जानेवारी २०१५ रोजी नियोजन आयोगाची जागा नीती आयोगाने घेतली होती. योजनाबद्ध अनुदानाची जुनी चौकट अशा रीतीने मोडली आणि तिच्याबरोबर लघुप्रकल्पांचा हा सर्वदूर पसरलेला मार्गही बंद झाला. त्याच वर्षी उच्च शिक्षण वित्तसाहाय्य संस्थेची स्थापना झाली. केंद्रीय संस्थांना पायाभूत सुविधांसाठी अनुदानाऐवजी कर्ज, हे तिचे स्वरूप. दोन्ही घटना एकत्र पाहिल्या तर दिशा स्पष्ट होते. मोठ्या संस्थेने कर्ज घ्यावे, मध्यम संस्थेने स्पर्धा करावी आणि लहान संस्थेने स्वतःची सोय पाहावी.

भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे प्रकल्प उपलब्ध आहेत, असे यावर म्हटले जाईल. ते खरेच आहे आणि खानदेशातील अध्यापकांनी त्यांचा अधिक लाभ घ्यावयास हवा. मात्र तेथे स्पर्धा देशपातळीवरची आहे आणि आधीच्या संशोधनाचा पुरावा लागतो. पहिलेच संशोधन करू इच्छिणाऱ्याने तो कोठून आणावा?

४. असोद्याचा प्रश्न कोणत्या रकान्यात बसतो?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बहिणाबाईंच्या गाण्यांची भाषा ही पुस्तकी मराठी नव्हे. ती जळगाव परिसरातील लेवा समाजाच्या बोलीशी व व्यापक अर्थाने खानदेशच्या बोलींशी नाते सांगते. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०७ च्या खंडात खानदेशीची स्वतंत्र नोंद आहे. जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा म्हणून सांगणाऱ्यांची संख्या २००१ मध्ये सुमारे २०.७५ लाख होती. २०११ मध्ये ती सुमारे १८.६० लाख झाली. लोकसंख्या वाढत असता बोलीची नोंद घटते, याचा अर्थ बोलणारे नाहीसे झाले असा नव्हे. विचारले असता 'मराठी' असे सांगणारे वाढले असण्याचा संभवही आहे. कारण कोणतेही असो, बोलीचे नाव सांगण्यास माणूस कचरू लागला की पुढच्या पिढीत तिचे शब्दही गळू लागतात.

अशा बोलीच्या संग्रहासाठी केंद्राचे कोणते साहाय्य आहे? २०१३ मध्ये सुरू झालेली संकटग्रस्त भाषांच्या जतनाची योजना म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाकडे आहे; परंतु तिचा रोख दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांवर आहे. खानदेशी त्यात बसत नाही, कारण तिचे भाषक लाखांत आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. त्यातून मिळणारे साहाय्य मराठीच्या प्राचीन वाङ्मयाच्या अभ्यासाकडे स्वाभाविकपणे झुकणार. खानदेशी आठव्या अनुसूचीतही नाही. मरणासन्न म्हणावी इतकी लहान नाही, अभिजात म्हणावी इतकी जुन्या ग्रंथांची नाही, अनुसूचित म्हणावी इतकी बलवान नाही. अशा बोलीसाठी रकानाच नाही. ज्या लघुप्रकल्प योजनेला विषयाचा रकाना लागत नसे, तीच नेमकी बंद झाली आहे.

हे काम अशक्य नाही, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर व गी पॉइटव्हाँ यांनी प्रामुख्याने पुणे जिल्ह्यातील ग्रामीण स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या जमविण्याचे कार्य केले. त्यातून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह उभा राहिला. त्यास युनेस्कोचे व परदेशी संस्थांचे साहाय्य लाभले होते. अरुण जाखडे यांनी संपादित केलेला भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तोही केंद्रीय विद्यापीठीय अनुदानाच्या बळावर नव्हे. आपल्या लोकवाङ्मयाच्या जतनाची महत्त्वाची कामे शासकीय अनुदानाच्या मुख्य प्रवाहाबाहेर झाली, ही वस्तुस्थिती आपल्या अनुदानव्यवस्थेवरील सर्वांत बोलके भाष्य आहे.

५. अध्यापकांचे उत्तरदायित्व

चिकित्सा एकतर्फी असू नये. लघुप्रकल्पांचे दार उघडे असताना आपण अध्यापकवर्गाने त्याचा कसा उपयोग केला, हेही पाहिले पाहिजे. आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी पदोन्नतीसाठी गुणांकन आणले आणि संशोधन प्रकल्प हा गुण मिळविण्याचा मार्ग झाला. त्यानंतर अनेक ठिकाणी विषयाची निवड प्रश्नाच्या निकडीवरून न होता मंजुरीच्या शक्यतेवरून होऊ लागली. अहवाल सादर झाले, कपाटात गेले. ज्या गावातून सामग्री आणली त्या गावाला त्याची एक प्रतही मिळाली नाही. योजना बंद करणाऱ्यांना अशा अहवालांनी आयता युक्तिवाद पुरविला असेल, तर त्याचा दोष केवळ दिल्लीला देता येणार नाही.

प्रस्तावाच्या भाषेचाही विचार व्हावा. योजनेच्या परिपत्रकातील शब्द उचलून प्रस्तावात पेरण्याची एक रीत पडली आहे. कौशल्य, नवोपक्रम, समावेशकता हे शब्द प्रत्येक प्रस्तावात येतात, पण कोणत्या गावात, किती माणसांना, कोणता प्रश्न विचारणार, हे मात्र धूसर राहते. परीक्षकास दोन प्रस्तावांत भेद करता येत नाही आणि मग तो संस्थेच्या नावाकडे पाहून निर्णय देतो. ज्याच्या संस्थेला नाव नाही, त्याच्यासाठी प्रश्नाचा नेमकेपणा हेच एकमेव भांडवल असते.

६. काही सूचना

संघराज्यात्मक व्यवस्थेत अनुदानाचे केंद्रीकरण ही केवळ आपलीच समस्या नाही. अमेरिकेत राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचा पैसा मोजक्या राज्यांतील मोजक्या विद्यापीठांकडे जातो, हे लक्षात आल्यावर १९७९ मध्ये मागे राहिलेल्या राज्यांसाठी एक स्वतंत्र कार्यक्रम सुरू करण्यात आला. आर्कान्सा, मेन, मोंटाना, साउथ कॅरोलिना व वेस्ट व्हर्जिनिया ही त्यातील पहिली पाच राज्ये. स्पर्धा रद्द झाली नाही. स्पर्धेत उतरण्याची क्षमता निर्माण करण्यासाठी वेगळा निधी ठेवण्यात आला. हा विवेक आपल्याकडेही स्वीकारता येईल.

पहिली सूचना अशी की, कोणत्याही केंद्रीय संशोधन निधीचा एक निश्चित भाग संलग्न महाविद्यालयांतील प्रथम संशोधनासाठी राखून ठेवावा आणि त्यासाठी संस्थेच्या नॅक श्रेणीची अट नसावी. अध्यापकाचा प्रश्न, पद्धती व हिशेब यांचीच तपासणी व्हावी. दुसरी सूचना विद्यापीठ पातळीवरची. योजनांची परिपत्रके वाचणे, अर्ज भरणे, लेखे ठेवणे व उपयोगिता प्रमाणपत्र मुदतीत पाठविणे हे श्रम प्रत्येक लहान महाविद्यालयाने वेगवेगळे करण्याऐवजी जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांसाठी एक सामाईक कक्ष ते करू शकेल. तिसरी सूचना अध्यापकांसाठी. तीन-चार महाविद्यालयांनी मिळून एकच प्रस्ताव द्यावा. मराठी, समाजशास्त्र, भूगोल व संगणक या विषयांतील अध्यापक एकत्र आले तर बोलीच्या कोशासारखे काम सहज आकाराला येईल आणि बहुविद्याशाखीयता हा शब्द केवळ नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर राहणार नाही.

निष्कर्ष

केंद्रीय अनुदानाची रक्कम वाढली, योजनांची संख्या वाढली, अर्जाची प्रक्रिया संगणकावर आली. तरीही ग्रामीण महाविद्यालयाच्या दृष्टीने अनुदान दूर गेले. याचे कारण गरजेच्या तत्त्वाची जागा सिद्ध क्षमतेच्या तत्त्वाने व्यापली आणि क्षमता निर्माण करणारी लघुअनुदानाची पायरी नाहीशी झाली. खानदेशच्या बोलींचे उदाहरण दाखविते की, या रचनेत केवळ दुर्बल संस्थाच नव्हे, तर काही विषयही अपात्र ठरतात. बहिणाबाईंच्या ज्या रचना कोणी टिपल्या नाहीत, त्या कायमच्या गेल्या. आज ज्या स्त्रिया ऐंशीच्या घरात आहेत, त्यांच्याजवळचे शब्द पुढील योजनेच्या मंजुरीसाठी थांबणार नाहीत. म्हणून लघुअनुदानाच्या पुनरुज्जीवनाची मागणी अध्यापक संघटनांनी व विद्यापीठाच्या अधिकार मंडळांनी आग्रहाने मांडावी. ती मान्य होईपर्यंत स्वतःच्या साधनांनी जेवढे टिपता येईल तेवढे टिपण्यास मात्र कोणत्याही कलमाखालील मान्यतेची आवश्यकता नाही.